नेट नेमकं कुठे अडलंय?

जूनमध्ये सूर्यमाळच्या पठारावर पाऊस कोसळायला लागला की घरोघर एकच वाक्य कानावर येतं, ‘पावसानं नेट गेलं.’ मग कुणी राउटर बंद-चालू करतं, कुणी वायर हलवून पाहतं, कुणी फोन घेऊन अंगणाच्या कडेला रेंज शोधत उभं राहतं. एवढं करून नेट आलं तर ते कशानं आलं हे कळत नाही. नाही आलं तर संगणक पिशवीत घालून खोडाळा नाहीतर जव्हार गाठायचं ठरतं. त्यात एसटीचं भाडं जातं, दिवसाची मजुरी बुडते आणि बऱ्याचदा दुकानदार सांगतो, ‘मशीन तर ठणठणीत आहे.’

जव्हार-मोखाड्यात संगणक आणि नेट ही आता हौसेची बाब राहिलेली नाही. सातबारा ऑनलाइन मिळतो, शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. अंगणवाडीतल्या मुलांची वजनं-उंची २०२१पासून पोषण ट्रॅकर या अ‍ॅपवर नोंदवली जातात. रोजगार हमीच्या कामावरची हजेरी जानेवारी २०२३पासून फोटोसह मोबाइलवरून द्यावी लागते. अर्जाच्या शेवटच्या तारखेला नेट अडलं तर एखाद्या मुलीचं वर्षभराचं नुकसान होऊ शकतं. म्हणून बिघाड कुठे आहे हे घरच्या घरी ओळखता येणं हे इथल्या माणसासाठी मोठं बळ आहे, आणि ते कुणालाही शिकता येतं.

वाटेचे चार टप्पे

नेट ही एक वाट आहे आणि तिचे चार टप्पे आहेत. पहिला टप्पा म्हणजे आपलं मशीन, मग तो संगणक असो की फोन. दुसरा, मशीनपासून राउटरपर्यंतची हवेतली वाट, म्हणजे वाय-फाय. तिसरा, राउटरपासून कंपनीपर्यंतची फायबरची तार किंवा मोबाइलचा टॉवर. चौथा, कंपनीच्या पलीकडचं जग, ज्यात आपल्याला हवी असलेली वेबसाइट असते. नळाला पाणी आलं नाही की जाणता माणूस आधी शेजारच्या नळाला पाणी आहे का ते पाहतो, मग व्हॉल्व्ह आणि शेवटी टाकी पाहतो. इथेही तसंच करायचं.

त्यामुळे पहिला प्रश्न नेहमी हाच: दुसऱ्या मशीनवर चालतंय का? त्याच वाय-फायवर फोन चालतो आणि संगणक अडतो, तर बिघाड संगणकात आहे. दोन्ही अडले तर राउटरकडे किंवा त्याच्या पुढे पाहायचं. शेजाऱ्याचंही गेलं असेल तर आपल्या घरात काही उलथापालथ करायची गरजच नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वायर बदलली, सेटिंग बदललं, राउटरही हलवला आणि नेट आलं, तर त्यातून काहीच शिकायला मिळत नाही. पुढच्या खेपेला पुन्हा सगळी धावपळ आलीच.

राउटरवरचे दिवे पाहायला शिकावं. फायबरच्या राउटरवर ‘पॉन’ असं लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असेल तर कंपनीपर्यंतची प्रकाशाची वाट शाबूत आहे. ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल झाला की प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचत नाही. मग घरातलं कुठलंही सेटिंग बदलून उपयोग नाही. फक्त राउटरमागची बारीक, बहुधा पिवळी तार एवढी पाहावी. आत काचेचा केसासारखा तंतू असतो. तो खिळ्याला गुंडाळला, दाराच्या फटीत दाबला किंवा उंदरानं कुरतडला की प्रकाश वाटेतच गळतो. तीन-चार सेंटिमीटरपेक्षा लहान वळण त्याला देऊ नये. आणि सुटलेल्या टोकात डोळा लावून कधीही पाहू नये, कारण त्यातून येणारा लेझर डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो.

दिव्यांवरून कळत नसेल तर विंडोज संगणक स्वतःच सांगतो. शोधाच्या चौकटीत रोमन अक्षरांत ‘सीएमडी’ टाइप केलं की एक काळी खिडकी उघडते. तिच्यात ‘आयपीकॉन्फिग’ लिहून एंटर दाबायचं आणि ‘आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस’ या ओळीपुढचा आकडा पाहायचा. घरच्या राउटरवर तो बहुधा १९२.१६८ असा सुरू होतो. तो १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राउटरनं संगणकाला पत्ताच दिलेला नाही आणि संगणकानं स्वतःच एक पत्ता घेऊन ठेवला आहे. अशा वेळी वाय-फायच्या यादीतून ते नेटवर्क ‘फरगेट’ करून पासवर्ड पुन्हा घालावा आणि राउटर एकदा बंद-चालू करावा. बहुतेक वेळा तेवढ्यानं काम होतं.

पत्ता ठीक असेल तर त्याच खिडकीत ‘डिफॉल्ट गेटवे’पुढे राउटरचा पत्ता दिसतो. ‘पिंग’ लिहून, जागा सोडून तो पत्ता टाइप केला की संगणक राउटरला हाक मारतो. ‘रिप्लाय फ्रॉम’ अशा ओळी आल्या म्हणजे दुसरा टप्पा ठीक आहे. ओळीच्या शेवटी मिलिसेकंदांचा आकडा असतो. राउटर खोलीतच असेल तर तो एक आकडी किंवा त्याच्या आसपास असावा. तो शेकड्यांत जात असेल किंवा मधूनच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येत असेल तर वाय-फाय कमजोर आहे. मग ‘पिंग ८.८.८.८’ करावं. हा गूगलचा सार्वजनिक पत्ता आहे. तिथून उत्तर आलं म्हणजे तिसरा टप्पाही पार झाला. आणि आकड्याला उत्तर येतं, पण वेबसाइटचं नाव दिलं की येत नाही, तर नावावरून आकडा शोधून देणारी व्यवस्था, म्हणजे डीएनएस, अडलेली आहे. वाय-फायच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरलं की ती अडचण सुटते. ही सगळी तपासणी पाच मिनिटांची आहे, आणि ती केलेला माणूस ‘नेट गेलं’ म्हणण्याऐवजी ‘तिसऱ्या टप्प्यावर अडलं’ असं नेमकं सांगू शकतो.

पाऊस काय करतो, काय करत नाही

आता पावसाकडे वळू. घरातलं वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं. त्या लहरींची लांबी अनुक्रमे साधारण साडेबारा आणि सहा सेंटिमीटर असते. पावसाचा थेंब काही मिलिमीटरांचा. एवढ्या लांब लहरींना एवढासा थेंब जवळजवळ अडवतच नाही. अंगणात मुसळधार पाऊस पडत असला तरी ओटीवरच्या राउटरचं वाय-फाय त्यानं बंद पडत नाही.

लहर जशी आखूड होत जाते तसा पाऊस तिला भारी पडू लागतो. साधारण १० गिगाहर्ट्झच्या वर हा परिणाम जाणवण्याइतका होतो. छपरावरच्या डिशला येणाऱ्या लहरी १२ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे अडीच सेंटिमीटरांच्या असतात, म्हणून जोराच्या सरीत टीव्हीचं चित्र थिजतं. डोंगराळ भागात सगळ्याच मोबाइल टॉवरपर्यंत फायबर गेलेली नसते. एका टॉवरवरची गोल ताटली दुसऱ्या डोंगरावरच्या ताटलीशी याहूनही आखूड लहरींवर बोलत असते. मोठ्या सरीत ती बोलणी क्षीण होतात आणि फोनवर काड्या भरलेल्या दिसत असूनही नेट सरकत नाही. अशा वेळी फोनशी खटपट करण्यात अर्थ नसतो. सर ओसरली की नेट परत येतं.

दुसरं कारण विजेचं. झाड तारांवर पडलं, डीपी उडाली की लाइट जाते. टॉवरला बॅटऱ्या असतात, पण त्यांनाही मर्यादा आहे. लाइट जाऊन बरेच तास झाल्यावर रेंज नाहीशी झाली, तर दोष पावसाचा नसून संपलेल्या बॅटरीचा असतो. तिसरं कारण ओल. घराबाहेरच्या जोडात पाणी शिरतं, आणि ते पाऊस थांबल्यावरही दिवसभर त्रास देतं. सर थांबताच नेट आलं की ताटल्यांच्या वाटेवर संशय घ्यावा, लाइटीबरोबर आलं की विजेवर, आणि ऊन पडल्यावर दोन दिवसांनी आलं की ओल्या जोडावर.

डोंगर, पत्रा आणि मांडणी

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे आणि मोखाडा तालुक्यातलं सूर्यमाळ त्याहूनही वर. पठाराच्या कडेवर रेंज मिळते आणि खाली उतारावरच्या पाड्यात मिळत नाही, याचं कारण सरळ आहे. मोबाइलच्या लहरी बऱ्याच अंशी नजरेच्या रेषेत जातात आणि डोंगराची त्यांना सावली पडते. लांब लहरी थोड्याफार वळसा घालून पोहोचतात, झाडोऱ्यातूनही बऱ्या जातात. याच गुणाचा उपयोग पालघर जिल्ह्यात करून पाहिला गेला आहे. आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पानं खामलोली आणि आसपासच्या गावांत दूरदर्शनच्या रिकाम्या राहिलेल्या लहरींवरून इंटरनेट पोहोचवण्याचा प्रयोग केला. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या या पट्ट्यातल्या लहरी अर्ध्या मीटरहून लांब असतात. या कामाची २०१७ साली मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत दखल घेतली गेली. डोंगरी भागाला कोणती लहर मानवते हे आपल्याच जिल्ह्यात तपासलं गेलं आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे.

फोनवरच्या काड्यांवर मात्र फार विसंबू नये. त्या फक्त टॉवरचा आवाज फोनला किती ऐकू येतो एवढंच दाखवतात. टॉवर कितीतरी वॅटनं बोलतो आणि फोन सुमारे एक पंचमांश वॅटनं. फोनला टॉवर ऐकू येतो, पण टॉवरला फोन ऐकू येत नाही, असं दूरच्या पाड्यात सर्रास घडतं. काड्या दिसत असूनही कॉल लागत नाही तो म्हणून. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ‘अबाउट फोन’खाली सिमच्या माहितीत सिग्नलचा नेमका आकडा डीबीएममध्ये मिळतो. तो उणे असतो. उणे ९० चांगला, उणे ११० कमजोर आणि उणे १२०च्या आसपास संपर्क तुटायला लागतो. दहाचा फरक म्हणजे ताकदीत दहापट फरक. घराच्या चारही बाजूंना आणि माळ्यावर फोन नेऊन हा आकडा पाहावा. एखाद्या खिडकीत दहा-पंधरानं जास्त ताकद मिळाली तर हॉटस्पॉटचा फोन तिथेच ठेवायचा आणि संगणक घरात आरामात चालवायचा.

घराच्या बांधणीचाही मोठा वाटा असतो. कारवीचा, शेणामातीनं लिंपलेला कूड कोरडा असताना लहरींना फारसा अडवत नाही. विटा-सिमेंटची भिंत जास्त शोषते, आणि लोखंडी पत्रा तर लहरी परतवूनच लावतो. वरून पत्रा आणि चारी बाजूंनी पक्क्या भिंती असलेल्या नव्या घरात जुन्या कुडाच्या घरापेक्षा रेंज कमी मिळते ती यामुळे. राउटर कुठे ठेवायचा याचं उत्तरही त्यातच आहे. घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर ठेवावा. स्टीलच्या भांड्यांची मांडणी, पत्र्याचं कपाट आणि पाण्याचा पिंप यांच्या आड कधीच ठेवू नये. धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या गिळतं. दूरच्या खोलीसाठी २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क निवडावं, कारण ते पुढे पोहोचतं. राउटरच्याच खोलीत वेग हवा असेल तर ५ गिगाहर्ट्झ.

शहरात वाय-फायसाठी पहिला सल्ला मिळतो तो चॅनेल बदलण्याचा. मुंबईतल्या इमारतीत वीस-तीस राउटर एकमेकांवर ओरडत असतात, तिथे १, ६ आणि ११ या एकमेकांत न मिसळणाऱ्या चॅनेलपैकी मोकळं चॅनेल निवडल्यानं खरोखर फरक पडतो. पाड्यावर शेजारचा राउटरच शंभर पावलांवर असतो. इथली अडचण गर्दीची नसून अंतराची, आडोशाची आणि विजेची आहे, आणि सल्लाही तसाच हवा.

फोनच्या हॉटस्पॉटवर चालणारा संगणक

आपल्याकडे पुष्कळ घरांत राउटर नसतो. फोनचा हॉटस्पॉट हाच राउटर. त्यात तीन अडचणी वारंवार येतात. पहिली, जुन्या लॅपटॉपला हॉटस्पॉट दिसतच नाही. नवे फोन कधी कधी ५ गिगाहर्ट्झवर हॉटस्पॉट सुरू करतात आणि जुन्या लॅपटॉपला तो पट्टा कळत नाही. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झ निवडलं की तो लगेच दिसू लागतो. दुसरी, दिवसाचा डेटा दुपारीच संपतो. विंडोज मागच्या मागे मोठाले अपडेट उतरवून घेत असतं. त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू केलं की बरीचशी उधळण थांबते. मग अपडेट महिन्यातून एकदा, चांगलं नेट असेल तिथे जाऊन करून घ्यावेत, टाळू मात्र नयेत. तिसरी, नेट एकदम गोगलगायीच्या गतीनं चालू लागतं. अनेक पॅकमध्ये रोजचा डेटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. बिघाड शोधत बसण्याआधी शिल्लक डेटा पाहावा. आणि टॉवर दिसत असून नेट हलत नसेल तर फोन दहा सेकंद एरोप्लेन मोडवर टाकून काढावा. फोन टॉवरशी नव्यानं जोडला जातो.

मशीन आणि वीज

संगणक सुरूच होत नसेल तर आधी त्याच बोर्डावर फोनचा चार्जर लावून पाहावा. बोर्डच बंद असल्यानं मशीन दुकानात गेल्याची उदाहरणं थोडी नाहीत. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून, बॅटरी निघत असेल तर तीही काढून, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरावं आणि मग पुन्हा जोडावं. टेबलावरचा संगणक पंखा फिरवतो पण पडदा काळाच ठेवतो, बीप-बीप करतो, तेव्हा दमट हवेत रॅमच्या पट्टीवरची सोनेरी टोकं मळलेली असण्याचा संभव बराच असतो. प्लग काढून, पट्टी बाहेर घेऊन ती टोकं कोरड्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसावीत, कण झटकावेत आणि पट्टी ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत घट्ट बसवावी. पावसाळ्यात संगणक महिनोन्‌महिने झाकून ठेवू नये. तो रोज थोडा वेळ चालवला की आतल्या उबेनं ओल हटते आणि मुंग्या-पालींनाही घर करायला सवड मिळत नाही.

नेट चालू असूनही प्रत्येक वेबसाइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणू लागली तर संगणकाची तारीख पाहावी. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाची ३ व्होल्टची गोल बॅटरी असते. ती संपली की लाइट गेल्यावर संगणकाची तारीख कित्येक वर्षं मागे जाते. वेबसाइटची ओळखपत्रं ठरावीक मुदतीची असतात, त्यामुळे जुन्या तारखेला ती सगळीच खोटी ठरतात. थोड्याशा पैशांतली बॅटरी बदलली की काम झालं.

मशीन मंद झालं तर ‘शट डाउन’ करून पुन्हा लावण्यानं दर वेळी फरक पडत नाही. विंडोज ८पासून शट डाउन करताना प्रणालीचा काही भाग जसाच्या तसा डिस्कवर जपला जातो, म्हणजे पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं. अडकलेली गोष्टही त्याबरोबर परत येऊ शकते. ‘रीस्टार्ट’ केलं तरच सगळं कोरं सुरू होतं. तसंच विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. अशा मशीनवर बँकेचे व्यवहार करताना हे लक्षात ठेवावं.

इथल्या मशीनचा मोठा शत्रू मात्र वीजच आहे. लाइट परत येते तेव्हा व्होल्टेज काही क्षण वरखाली होतं, म्हणून लाइट गेली की प्लग काढावा आणि आल्यावर पाच मिनिटं थांबून लावावा. मे-जूनच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. प्लग आणि राउटरमधून संगणकात जाणारी तांब्याची वायर, दोन्ही काढावीत. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घराचं अर्थिंग चालत नाही असं समजावं आणि वायरमनकडून ते आधी करून घ्यावं. अर्थिंग नसेल तर स्पाइक गार्डचा बराचसा उपयोग वाया जातो. राउटर सारखा आपोआप बंद-चालू होत असेल तर राउटर बदलण्याआधी त्याचा अ‍ॅडॉप्टर बदलून पाहावा. तो बहुधा १२ व्होल्टचा असतो. नवा घेताना तळाशी लिहिलेले व्होल्ट तेवढेच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त असावेत. राउटरपुरता छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो. लाइट गेल्यावरही तो राउटर काही तास चालवतो, आणि अशा गावात राउटरनंतरची पहिली खरेदी तीच असावी.

घराबाहेरच्या टप्प्याचा हिशोब मागणं

एवढं तपासल्यावर जे उरतं ते घराबाहेरचं असतं, आणि त्याची जबाबदारी दुसऱ्यांनी घेतलेली आहे. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०११मध्ये मंजुरी दिली. तीच आजची भारतनेट. ४-जी न पोहोचलेल्या २४,६८० गावांसाठीची योजना जुलै २०२२मध्ये मंजूर झाली. खासगी असो की सरकारी, प्रत्येक दूरसंचार कंपनीला ग्राहकाची तक्रार नोंदवून क्रमांक द्यावा लागतो, आणि निवारण झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

त्यासाठी राउटरशेजारी एक वही टांगून ठेवावी. नेट कधी गेलं, कुठल्या दिव्याचा रंग काय होता, शेजारी चालू होतं का, पिंग कुठे थांबलं, पाऊस होता का, लाइट होती का, तक्रार क्रमांक काय मिळाला आणि नेट कधी आलं, एवढंच लिहायचं. ‘नेट नाही’ म्हणून फोन करणाऱ्याला राउटर बंद-चालू करायला सांगितलं जातं. ‘शनिवारी संध्याकाळपासून लॉसचा दिवा लाल आहे, शेजारच्या घरातही तसंच आहे’ असं सांगणाऱ्याकडे माणूस पाठवावा लागतो. शाळेत, अंगणवाडीत आणि ग्रामपंचायतीत अशा वह्या ठेवल्या, तर वर्षभरानं पाड्यापाड्यातलं नेट किती दिवस आणि कशामुळे बंद होतं याचा लेखी पुरावा गावाच्या हाती येईल. जव्हार-मोखाडा पेसा कायद्याखाली येतात आणि इथल्या ग्रामसभेच्या ठरावाला वजन आहे. त्या ठरावाला वर्षभराच्या नोंदी जोडलेल्या असल्या तर ‘डोंगराळ भाग आहे, पाऊस फार आहे’ एवढ्या उत्तरावर कुणाला सुटता येणार नाही.